तांदळाच्या डब्यातली किल्ली

“हजारात एखादी,” हे म्हणाले आणि पत्राची घडी घालायला लागले.

“एकदा नीट वाचा ना. नक्की काय लिहिलंय?”

पत्र इंग्रजीत होतं. यांनी ते पुन्हा उलगडलं आणि वर्गात शिकवतात तसं एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. अमुक ते अमुक महिन्यात बनलेल्या मोटरसायकली. हाताच्या ब्रेकमधला एक भाग सदोष असू शकतो. ब्रेक दाबल्यावर काही गाड्यांत तो परत सुटत नाही, पुढचं चाक धरून ठेवतो. गाडी केंद्रात आणावी, भाग फुकट बदलून मिळेल. तोवर गाडी वापरू नये.

“वापरू नये, असं स्पष्ट लिहिलंय?”

“‘शक्यतो’ आहे त्याच्या आधी.”

रेवा माझ्या मांडीवर होती, आठ महिन्यांची. पत्राचं पाकीट तिने तोंडात घातलं होतं आणि कंपनीचा शिक्का चाखून बघत होती. मी ते काढून घेतलं तर तिने भोकाड पसरलं, म्हणून परत दिलं.

“मग उद्याच न्या गाडी तिकडे.”

“फोन केला मघाशी. भाग आलेलाच नाही. दोन-तीन आठवडे लागतील म्हणाला. तोवर हाताचा ब्रेक दाबू नका, पायाचा वापरा, सगळे तेच करतायत.”

“आणि घाटात?”

यांची शाळा पाचघरला, घाटाच्या माथ्यावर. आमच्या कुसवड्यापासून अठरा किलोमीटर, त्यात अकरा वळणं. रोज सकाळी हे डबा घेऊन निघाले की मी मनात वळणं मोजायचे. अकरा झाली की कणकेला हात लावायचे.

“हात आपोआप जातो हो मुठीवर.”

“माझा नाही जाणार.”

“झोपेतसुद्धा जातो तुमचा. कधी कधी पांघरूण असं गच्च दाबता, मला माहितेय.”

“वृषाली, हजारातली एखादी.”

“ती एखादी कुणाच्या तरी दारात उभी असेलच ना? कुणाच्या?”

हे रेवाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “एसटी सहा-दहाची. मी निघेन तेव्हा ही झोपलेली. परत येईन तेव्हा सात वाजलेले, ही पेंगलेली. म्हणजे मी हिला रविवारीच बघायचं?”

तेव्हा ती नुकती बसायला लागली होती. संध्याकाळी पाचला अंगणात गाडीचा आवाज आला की बसल्या जागी हात उडवायची, आणि त्या उडवण्यातच कोलमडायची. त्या एका कोलमडण्यासाठी हे घाट उतरून यायचे.

दोन दिवस यांनी गाडी नेली. मी दोन्ही दिवस साडेचारपासून दारात. तिसऱ्या दिवशी हे आले, गाडी स्टँडला लावली, आणि रेवाने हात उडवले तरी तिला उचललं नाही. आधी माझ्यापाशी आले. हातपाय धुतलेले नव्हते.

“आज चौथ्या वळणाला म्हैस आडवी आली. हात गेला माझा. मला कळलंही नाही.”

“मग?”

“मग काय. दाबला, सुटला. झालं नाही काही.” त्यांनी माझा तळवा उलटा केला आणि त्यात किल्ली ठेवली. “ठेव कुठेतरी. माझ्या नजरेला पडेल अशा जागी नको.”

मी ती तांदळाच्या डब्यात घातली. खोल, कोपरापर्यंत हात घालून. यांना तांदूळ काढायची वेळ कधी येत नाही.

*

आता शेजारच्यांचं सांगायला हवं. मालनवहिनी आणि एकनाथभाऊ माळवदे. एका ओळीत पाच खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, त्यात आमची तिसरी आणि त्यांची चौथी. मधली भिंत एका विटेची. वहिनी ब्लाउज शिवायच्या, आणि त्यांचं मशीन चालू झालं की आमच्या मांडणीतल्या वाट्या किणकिणायच्या. भाऊ शिलाई मशीन दुरुस्त करायचे. गावोगावच्या शिंप्यांकडे जायचे. खांद्याला पिशवी, पिशवीत तेलाची कुपी, पट्टे, सुया, स्क्रूड्रायव्हर. त्यांची केतकी पाचवीत होती.

रेवा झाली तेव्हा माझी आई आजारी. माहेरी जाता आलं नाही. बाळंतपण वहिनींनी केलं. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळाचं मालिश, सगळं. पहिले तीन महिने रोज दुपारी त्या यायच्या आणि दारातूनच हात पुढे करायच्या. “दे इकडं ती पुडी. झोप जा तू.” आणि मी खरंच झोपायचे, मेल्यासारखी. भिंतीपलीकडे मशीन थांबलेलं असायचं, कारण रेवा त्यांच्या मांडीवर असायची. माझ्या झोपेपायी त्यांचे किती ब्लाउज मागे पडले, ते त्यांनी कधी जाणवू दिलं नाही.

असं असताना पत्राची गोष्ट त्यांना का सांगितली नाही? तर त्याच्या पंधरा दिवस आधी एक झालं होतं.

वहिनींचा भाऊ सुदाम आला होता. त्याला मुलगी बघायला जायचं होतं आणि डोळा आमच्या नव्या गाडीवर. पोरगा चांगला, पण गाडी चालवायचा म्हणजे भिरकावायचा. स्वतःची गाडी त्याने नाल्यात घातलेली सगळ्या आळीला माहीत. यांना तोंडावर नाही म्हणवेना. म्हणून हे म्हणाले, “अरे, ब्रेक लागत नाहीये रे नीट. शोरूमला दाखवायचीय.” आणि मी, कुणी विचारलेलं नसताना, म्हटलं, “हो ना, परवापासून.”

आमच्याकडे गाडी नाकारायची हीच रीत आहे. पेट्रोल नाही, पंक्चर आहे, ब्रेक लागत नाही. मागणाऱ्यालाही कळतं, देणाऱ्यालाही कळतं, आणि कुणाचं मन मोडत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हे नेहमीसारखे गाडी घेऊन निघाले, तेव्हा वहिनी नळावर कळशी भरत होत्या.

“लागला वाटतं ब्रेक!” वहिनी म्हणाल्या आणि कळशी हिंदकळेपर्यंत हसल्या.

हे कानापर्यंत लाल. भाऊ दारातून म्हणाले, “अगं, गुरुजी हायत ते. एका रात्रीत नापासाचा पास करत्यात.”

तेव्हापासून ती थट्टाच झाली. केतकीने भाजी नको म्हटली की वहिनी म्हणायच्या, “हिचा ब्रेक लागत नाही वाटतं आज.” मी कपभर साखर मागायला गेले तर, “देते की, आमचा ब्रेक नीट आहे बाई!” राग नव्हता त्यात. पण भावाला नाकारलं, ते कुठेतरी बारीक सलत असणार. थट्टा जरा जास्तच दिवस चालली.

आणि मग ते पत्र. आता कुठल्या तोंडाने सांगणार की खरंच ब्रेकमध्ये खोट निघाली? हे म्हणाले, “राहू दे. भाग आला की बदलून घेऊ, कुणाला कळायचंही नाही.” गाडीवर जुनी चादर घातली. भाऊंनी विचारलंच, “काय गुरुजी, गाडी पूजेला मांडली व्हय?” हे म्हणाले, “एसटीत तासभर झोप होते हो, बरं पडतं.” भाऊ म्हणाले, “झोपंसाठी तिकीट काढणारा पहिलाच माणूस बघतोय.”

असे अकरा दिवस गेले. रेवा पाच वाजले की दाराकडे बघायची. मग बघायची बंद झाली.

*

तुळशीची लग्नं उरकली होती. त्या दिवशी गुरुवार. हे पहाटेच्या एसटीने गेले होते. पत्र यांच्याच खिशात. शोरूमवाल्याला शाळेतून पुन्हा फोन करायचा, त्यातला नंबर सांगायला लागतो म्हणून.

साडेनऊला वहिनी आल्या. आल्या आल्या रेवाला खाली पसरलेल्या गोधडीवरून उचललं, कडेवर घेतलं.

“वृषाली, गुरुजींची गाडी आहे ना गं दारात?”

माझे हात कणकेत. “आहे की. का?”

“यांना पाचघरला जायचंय. तिथल्या शिंप्याचं मशीन बसलंय, परवा लग्न, नवरीचे ब्लाउज अर्धे मशीनखाली अडकलेत. माणूस रडकुंडीला आलाय फोनवर. आमच्या मोपेडला घाट चढतोय कुठला, अर्ध्यात उतरून ढकलायला लागती. दुपारच्या एसटीनं गेले तर आज होत नाही काम.”

मी म्हटलं, “वहिनी, गाडी बिघडलीय.”

“काय झालं?”

“ब्रेक…”

एवढंच बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं.

वहिनी हसल्या. मोठ्यानं नाही. रेवाच्या डोक्यावरून हात फिरवत, खाली बघून. “ब्रेक का,” म्हणाल्या. “बरं. असू दे गं. सांगते त्यांना, जातील दुपारी.”

“नाही वहिनी, खरंच. कंपनीचं पत्र आलंय. यांच्याकडे आहे, शाळेत नेलंय…”

“असू दे म्हटलं ना. नवी गाडी आहे, वाटतं माणसाला.” आणि त्यांनी रेवाला माझ्याकडे न देता हळूच गोधडीवर परत ठेवलं. रोज त्या तिला घेऊन जायच्या. त्या दिवशी ठेवलं.

रेवाने त्यांचा पदर धरला. त्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली.

ती बोटं सोडवताना मी बघत होते, आणि मला वाटलं, या बाईने माझ्या रक्ताचे कपडे धुतलेत. मी कणीक तशीच टाकली. हात धुतले की नाही, आठवत नाही. धुतले नसणार, कारण किल्ली बाहेर आली तेव्हा तिच्यावर पीठ होतं आणि पिठाला तांदळाचे दाणे चिकटलेले.

“वहिनी, थांबा. घ्या. पण भाऊंना सांगा, हाताचा ब्रेक अजिबात दाबायचा नाही. पायाचाच. चुकूनसुद्धा हाताचा नको. सांगाल ना?”

वहिनी डब्याकडे बघत राहिल्या. किल्ली तांदळात लपवलेली बघून त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं, ते मी विसरलेले नाही. आमच्यापासून लपवली, असं वाटलं असेल त्यांना. दुसरं काय वाटणार?

“सांगते हं,” त्या म्हणाल्या. लहान मुलाला म्हणतात तसं.

दहा मिनिटांनी अंगणात चादर ओढल्याचा आवाज आला. मी दारात आले. भाऊंनी हेल्मेट नीट बांधलं होतं. ते हळू चालवणारे, सांभाळून वागणारे. “वृषाली, गुरुजींना सांगू नको हं, गाडीला जरा वारा लावून आणतो!” त्यांच्या दारात वहिनी केतकीची वेणी घालत होत्या. मला ओरडून सांगायचं होतं, भाऊ, पायाचा ब्रेक. पण वहिनी तिथे होत्या. सांगितलं असेल त्यांनी. पुन्हा सांगितलं तर वाटेल, हिचं ब्रेकचं अजून संपत नाही.

मी हात हलवला. गोधडीवर रेवा गाडीच्या आवाजाने हात उडवत होती.

मी वळणं मोजली. अकरा झाली. भाऊ चढून गेले असणार. चढताना ब्रेक फारसा लागतच नाही.

*

पावणेतीनला फोन आला. भाऊंनी शिंप्याचं मशीन सुरू करून दिलं होतं, त्याच्याकडे जेवले होते, आणि उतरायला लागले होते.

ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात आळीतली सगळी माणसं. हे शाळेतून कुणाच्या तरी जीपने आले. आम्ही पोचायच्या आधीच सगळं झालेलं होतं. हेल्मेटला ओरखडासुद्धा नव्हता. छाती कठड्यावर आपटली होती. जीपवाला, ज्याने भाऊंना खाली आणलं, तो जो येईल त्याला तेच सांगत होता. “मी मागंच होतो. काय जोरात नव्हते हो. समोरून एसटी आली, म्हणून ब्रेक मारला. पुढचं चाक जाग्यावर धरलं. धरलं म्हणजे सोडलंच नाही. अन् भाऊ वरनं गेले.”

“चाक धरलं म्हणजे?” कुणीतरी विचारलं.

“खडी असणार,” दुसरा म्हणाला. “सवय नाही ना मोठ्या गाडीची.”

वहिनी व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. तोवर त्यांची मान खाली होती. जीपवाल्याचं ते बोलणं संपलं तेव्हा त्यांनी मान वर केली आणि गर्दीतून नेमकं माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मी पुढे रोज पाहिली. मला वाटायचं, त्यात एकच प्रश्न आहे: का दिलीस किल्ली?

यांनी हवालदाराला ते पत्र दाखवलं. त्याने वाचलं, परत दिलं. “मग गाडी द्यायचीच नव्हती गुरुजी,” म्हणाला. रागाने नाही, साधंच. पंचनाम्यात ताबा सुटला असं लिहिलं. गाडी पोलीस चौकीच्या मागे पडून राहिली. आम्ही आणायला गेलो नाही.

दहाव्यानंतर हे वहिनींकडे गेले. त्यांना सगळं सांगायचं म्हणून, पत्र, भाग, आमचं लपवणं. मी दाराशी उभी. वहिनींनी हात वर केला. “गुरुजी, नको. मला काही सांगू नका.” हे तसेच परत आले.

*

माणसं बोलायची थांबतात, असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. महिनाभराने वहिनी पुन्हा दारात येऊन उभ्या राहिल्या आणि हात पुढे केले. “दे इकडं.” पुडी म्हणाल्या नाहीत, रेवा आता मोठी झाली होती. तिला घेऊन गेल्या. रेवा त्यांच्याच घरात चालायला लागली. मशीनच्या पायट्याला धरून पहिल्यांदा उभी राहिली, तीही तिथेच.

पण वहिनींना झोप लागेना. केतकी सांगायची. “आई झोपतच नाही काकू. नुसती पडते, डोळे उघडे ठेवून.” डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, कुणी सांगितलं म्हणून जायफळ उगाळून झालं. वहिनींचे डोळे खोल गेले. शिवण चुकायला लागली; आपणच घातलेली टीप उसवत बसायच्या. भिंतीपलीकडून मशीनचा आवाज यायचा तो अडखळत, दोन टाके आणि थांबणं.

आणखी एक बदल झाला होता त्यांच्यात, तो मला तेव्हा कळला नाही. कुणी त्यांच्यापाशी निरोप ठेवला, अगदी साधा, गावंडेंना सांगा उद्या पाणी येणार नाही, एवढा, तरी त्या हातातलं टाकून उठायच्या. तव्यावर भाकरी असली तरी. तो निरोप तोंडात घोळवत जायच्या, सांगून यायच्या, आणि परत येऊन मला म्हणायच्या, “सांगितलं हं मी. तू ऐकलंस ना, सांगितलं मी.” मी म्हणायचे, “हो वहिनी, ऐकलं.”

मी माझ्यापुरतं एक ठरवून टाकलं होतं. वहिनींनी भाऊंना सांगितलं असणार. भाऊंनी हसण्यावारी नेलं असणार. किंवा लक्षात ठेवूनही हात गेला असणार, जसा यांचा गेला होता. किल्ली मात्र माझ्या हाताने गेली. ते खरं होतं आणि त्यात बदल होणार नव्हता.

साडेतीन वर्षांनी यांची बदली झाली.

*

सामान बांधायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो यायचा होता. वहिनी दुपारीच आल्या मदतीला. म्हणाल्या, “डबे मी बघते, तू कपडे बघ.” रेवा त्यांच्या मांडीत बसली, लुडबुड करत. हे बाहेर पडवीत पुस्तकांचे गठ्ठे बांधत होते.

डाळी झाल्या, रवा झाला. मग तांदळाचा डबा. वहिनींनी झाकण काढलं, पिशवीत ओतायचे म्हणून आत हात घातला, आणि हात तसाच राहिला.

“यातच होती ना गं?”

माझ्या हातात रेवाचे फ्रॉक होते. “हो.”

बराच वेळ त्या तांदूळ बोटांतून गाळत राहिल्या. मग वर न बघता म्हणाल्या, “एक विचारू? मला नीट आठवत नाही बघ. त्या दिवशी तू मला काही म्हणाली होतीस का?”

“कशाबद्दल?”

“ब्रेकचं. त्यांना सांगा म्हणून.” त्यांचा आवाज अगदी सपाट होता, भाजीचा भाव सांगावा तसा. “कधी कधी वाटतं, म्हणाली होतीस. हाताचा अजिबात नको. पायाचाच. चुकूनसुद्धा हाताचा नको. असं काहीतरी. मी केतकीची वेणी घालत होते. ते आले, किल्ली घेतली. माझ्या मनात होतं, काय सांगायचंय, सबबच तर आहे ती. आणि मी…”

मांडीवरची रेवा तांदळाचे दाणे एकेक करून त्यांच्या बांगड्यांत अडकवत होती.

नीट आठवत नाही म्हणणाऱ्या बाईने माझे शब्द जसेच्या तसे म्हटले होते. साडेतीन वर्षं. रोज पडल्या पडल्या. तेव्हा मला ती दवाखान्यातली नजर कळली. त्यात माझ्यासाठी प्रश्न नव्हताच. ही बाई बघत होती, मी आता सगळ्यांसमोर बोलते का.

“नाही वहिनी,” मी म्हणाले.

त्यांनी वर पाहिलं.

“मी नुसतं ब्रेक बिघडलाय म्हणाले. तुम्ही हसलात, मला लाज वाटली, आणि किल्ली देऊन टाकली. बाकी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. घाईत राहिलं.”

“पण पायाचाच… असं…”

“ते मी नंतर बोलले असेन. दवाखान्यात. पत्राचं सांगत होतो ना आम्ही हवालदाराला. तेव्हा कानावर पडलं असेल तुमच्या.”

“तू सांगितलं नव्हतंस?”

“नाही.”

“शपथ?”

मी रेवाकडे पाहिलं. तिच्या डोक्यावर हात ठेवायला मला जमलं नाही. मी तांदळाच्या डब्यावर हात ठेवला. “शपथ.”

अंगातून ताप उतरला की मूल कसं एकदम सैल पडतं, तसा त्यांचा चेहरा सैल झाला. मला वाटलं, आता रडतील, आणि मी पुढे सरकले त्यांना धरायला.

पण त्या रडल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि बघता बघता ती नजर बदलत गेली. साडेतीन वर्षं मी जी समजत होते, ती आता खरीच त्यांच्या डोळ्यांत आली.

“एक वाक्य,” त्या म्हणाल्या. “एवढं एक वाक्य बोलायचं होतं गं.”

“हो.”

“मी सांगितलं असतं त्यांना. धावत जाऊन सांगितलं असतं.”

“हो वहिनी.”

त्यांनी हातावरचे तांदूळ झटकले. झाकण लावलं, घट्ट, तळव्याने दाबून. रेवाला मांडीवरून उतरवलं. तिने पदर धरला तेव्हा तिची बोटं सोडवली, एकेक करून. आणि गेल्या.

सकाळी टेम्पो आला तेव्हा त्यांचं दार बंद होतं. रेवाने ते थापटलं, “मालनकाकू, मालनकाकू.” आतून मशीनचा आवाज येत होता. भराभर, एका लयीत, कुठेही न अडखळता.

टेम्पोत हे माझ्या शेजारी बसले होते. गाव मागे पडल्यावर म्हणाले, “मी पडवीत होतो. ऐकलं मी.”

मी बाहेर बघत होते.

“तू सांगितलं होतंस त्यांना. त्याच संध्याकाळी मला म्हणाली होतीस.”

“हो.”

“मग?”

यांनी माझा हात घेतला आणि गच्च दाबून धरला. रात्री पांघरूण धरतात तसा.

*

आता रेवा पहिलीत आहे. धाकटा पाच महिन्यांचा. हे लिहिताना तो शेजारी पाळण्यात आहे आणि माझा एक पाय पाळण्याच्या दोरीत. दुपारी याला झोपवताना अजून कधी कधी वाटतं, दारातून कुणीतरी हात पुढे करील. कुणी येत नाही. आम्ही गाडी पुन्हा घेतली नाही.

वहिनींनी एकदाही फोन केला नाही. मी करते, दोन-तीन महिन्यांनी. दुपारी, भाकरी उरकल्या असतील अशा बेताने. फोन नेहमी केतकीच उचलते. ती आता अकरावीला आहे, आवाज अगदी आईसारखा झालाय. अभ्यासाचं सांगते, आळीतलं सांगते. मग मी विचारते, “आई कशी आहे गं?”

“बरी आहे काकू. आत्ताच झोपलीये. उठवू?”

“नको,” मी म्हणते. “झोपू दे.”